चवथीला रात्री गावाकडे निघताना: डिपर किती दूर पोचतो, गाडी किती दूर थांबते

केरीची_वाट (धागाकर्ता)

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली. गोव्यात पणजी, वेर्णा, मडगावला कामाला असलेले बरेच जण आदल्या संध्याकाळी काम सुटलं की सत्तरी, काणकोण, पेडण्याकडे निघतात. काळोख, पाऊस आणि घाई तिन्ही एकदम. ज्यांना गाड्यांचं, रस्त्यांचं, डोळ्यांचं नेमकं ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. स्वतःचे किस्से नकोत, दुसऱ्याला उद्या वापरता येईल अशी माहिती हवी.

सुरुवात हिशेबाने करतो. कोरडं डांबर, बरे टायर आणि दीड सेकंदात ब्रेकवर पाय पडतो असं धरलं, तर ताशी 40 ला गाडी सुमारे 26 मीटरात थांबते, 60 ला 45 आणि 80 ला 69. ओल्या रस्त्यावर हेच आकडे साधारण 32, 60 आणि 96 होतात. आता उजेड. साध्या हॅलोजन बल्बच्या डिपरवर (हेडलाइटच्या खालच्या झोतावर) गडद कपड्यांतला माणूस किंवा बसलेली म्हैस 40 ते 50 मीटरांवर आल्यावरच ओळखू येते. म्हणजे पावसात डिपरवर 80 ने चाललेल्या गाडीला म्हैस 50 मीटरांवर दिसली आणि चालकाने जोर लावून ब्रेक दाबला, तरी धडक बसते तेव्हा वेग अजून ताशी 68 च्या आसपास असतो. चालकाची चूक त्या क्षणाला झालेली नसते. ती आधीच, वेग धरतानाच झालेली असते.

वेगाचा काटा बघण्याआधी उजेडाची कड कुठे संपते ते बघा. तिच्या आत थांबता येत नसेल तर वेग जास्त आहे.

रस्ता_मोजणारा

एक दुरुस्ती. दीड सेकंद हा वेळ सावध माणसाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत रस्त्याचं डिझाइन करताना अडीच सेकंद धरतात, आणि त्या हिशेबाने 60 च्या वेगाला 80 मीटर दृष्टीअंतर मागतात. रात्री, अनपेक्षित वस्तू, त्यात दिवसभराचा थकवा असेल तर अडीच सेकंद मुळीच जास्त नाहीत. म्हणून वरचे आकडे किमान समजा. पावसात डिपरवर 50 ही माझ्या मते वरची मर्यादा, आणि गावातल्या रस्त्यावर 40.

डिपरचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो हेही लक्षात घ्या. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये यासाठी उजवी बाजू खाली कापलेली असते आणि डावीकडे प्रकाश थोडा वर चढतो. डाव्या कडेने चालणारा माणूस लवकर दिसतो. उजवीकडून रस्ता ओलांडणारा उशिरा दिसतो, आणि त्याला अख्खी लेन ओलांडून तुमच्यापुढे यायचं असतं.

वायरमन_म्हापशेंचो

आता दिव्यांवर लिहितो, कारण गॅरेजात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बहुतेक जुन्या गाड्यांत एच-4 बल्ब असतो, 60/55 वॅटचा, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) 60 आणि डिपरला 55. दिवा मंद वाटला की लोक आधी बल्ब बदलायला किंवा 100/90 वॅटचा टाकायला निघतात. आधी मीटर लावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि डिपर पेटलेला असताना होल्डरच्या पिनांवर 12.4 मिळत असेल, तर व्होल्टेज फक्त 10 टक्के पडलंय, पण उजेड जवळजवळ 30 टक्के कमी झालाय. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनच्या आसपासच्या घाताने घटतो, म्हणून थोड्याशा पडीचा इतका मोठा फटका बसतो.

पड कुठून येते? आपल्याकडे खाऱ्या हवेतून. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने बसवलेली असते तिथे हिरवट-पांढरा थर धरतो. तो बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, परत घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. होल्डर तपकिरी पडला असेल किंवा पिना सैल झाल्या असतील तर होल्डरच बदला. एवढं केल्यावर पुष्कळदा बल्ब बदलावाच लागत नाही. तरीही मंद वाटला तर हेडलाइटला स्वतंत्र रिले बसवा, म्हणजे करंट स्विचमधून न जाता बॅटरीतून सरळ जातो.

100/90 चा बल्ब मात्र टाकू नका. कायद्यात बसत नाही ते एक. शिवाय एका बल्बला 8 अँपियरहून जास्त करंट लागतो. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी नसतात, ते वितळतात. आणि त्या उष्णतेने आतल्या प्लास्टिक रिफ्लेक्टरची चकाकी जळते. एकदा ती गेली की कुठलाही बल्ब टाकून उपयोग नाही.

बल्ब नेहमी जोडीने बदला. काचेला बोट लावू नका, त्वचेचं तेल लागलेली जागा तापून बल्ब लवकर फुटतो.

पेडणेंकार_07

मग एलईडी बल्ब? होल्डरमध्ये बसतो, वॅट कमी, उजेड पांढराशुभ्र. सगळेच टाकतायत.

वायरमन_म्हापशेंचो

कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला हेडलाइट वेगळा, तो उत्तम. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचणं वेगळं.

एच-4 च्या आत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि समोर ती कापलेली कड तयार होते. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या तारेपेक्षा रुंद असते, तिच्या दोन बाजूंत जाडी असते, आणि जागा मिलिमीटरभर जरी सरकली तरी कड फुटते. मग तुमच्या पुढ्यात 10 मीटरांवर लख्ख उजेड पडतो, लांब कमी पडतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत सगळा जातो. पुढ्यातल्या लख्ख उजेडामुळे बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. चालकाला मात्र वाटतं, झकास दिसतंय.

दुसरी गोष्ट पावसाची. निळसर पांढरा प्रकाश ओल्या डांबरावर आणि धुक्यात पांढरा पडदा उभा करतो. पिवळसर हॅलोजन पावसात डोळ्याला सुसह्य असतो. आणि एलईडी पुढच्या काचेला ऊब देत नाही, त्यामुळे दिव्यात शिरलेली वाफ आतच राहते. पावसाळ्यात एवढा दमटपणा असताना हा तोटा मोठा आहे.

हेडलाइटची काच, म्हणजे प्लास्टिक, पिवळी पडली असेल तर पाणी लावून आधी 800, मग 1500, मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर, मग कंपाउंड. पण इथेच थांबलात तर काही महिन्यांत परत पिवळी होणार, कारण उन्हापासून जपणारा वरचा थर तुम्हीच घासून काढलेला असतो. शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारायलाच हवा. टूथपेस्टने घासणं म्हणजे आठवडाभराची शोभा.

दोळ्यांची_तपासणी

डोळ्यांकडून थोडं.

लख्ख उजेडातून काळोखात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. झुआरीच्या नव्या पुलावरून किंवा अटल सेतूवरून उतरून अंधाऱ्या आतल्या रस्त्याला लागलात की पहिली काही मिनिटं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी दिसत असतं. तिथे वेग मुद्दाम उतरवा. डॅशबोर्डचे दिवे कमीत कमी ठेवा, मोबाइलचा मॅप रात्रीच्या काळ्या रंगात, आणि आतल्या आरशाखालचा छोटा खटका मागे ओढा, म्हणजे मागच्या गाडीचा झोत बोथट होतो.

समोरून अप्पर आला तर दिव्याकडे बघू नका. नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग कमी करा. उलट अप्पर लावून उत्तर दिलंत तर दोन आंधळे एकमेकांजवळून जातात.

साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. नंबर बरोबर असला तरीही. त्यामुळे घरातले वडीलधारे "दिवसा मला सगळं दिसतं" म्हणाले तर ते खरंच असतं, पण त्यावरून रात्रीचं काही ठरत नाही. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्यांभोवती वलय दिसतं. हे लक्षण ऐकलं की आधी तपासणी, मग चावी.

पिवळ्या काचांचे "नाइट ड्रायव्हिंग" चष्मे घेऊ नका. ते आधीच कमी असलेला प्रकाश आणखी कमी करतात. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर चकाकीरोधक कोटिंग घ्या, त्याचा उपयोग होतो.

कांच_आणि_वायपर

चकाकीचं निम्मं कारण डोळ्यात नसतं, गाडीच्या काचेत असतं. काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेला तेलकट थर बसतो. दिवसा दिसत नाही, रात्री प्रत्येक दिव्याला पिसारा फुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मायक्रोफायबरने पुसा, मग कोरड्याने. वायपर ब्लेड दर वर्षी मे महिन्यात बदला. उन्हात रबर कडक होतं आणि पहिल्याच पावसात काचेवर ओरखडे ओढतं.

धुकं आतून धरलंय की बाहेरून, हे आधी ओळखा. बोट आतून फिरवा. रेघ उमटली तर आतून: एसी चालू, हवा बाहेरची घ्यायची, झोत काचेवर. रेघ उमटली नाही तर बाहेरून: काच एसीने थंड पडलीय आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर थिजतेय. अशा वेळी वायपर एकदा फिरवा, एसीचं तापमान वाढवा, झोत काचेवरून काढा. गोव्याच्या पावसाळ्यात दुसरा प्रकार फार होतो, आणि लोक पहिल्याचा उपाय करून तो वाढवतात.

खाजनकांठ

रस्त्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दिवाडी, चोडण, आगशी, बाणावली, चिंचिणी अशा भागांत खाजन शेतातून (खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतातून) जाणारे बांधावरचे रस्ते आहेत. दोन्ही बाजूंना पाणी, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि पावसाळ्यात गवत इतकं वाढतं की डांबर कुठे संपतं ते कळत नाही. समोरून गाडी आली म्हणून डावीकडे घेऊ नका. गवताखाली माती ढिली असते, चाक उतरलं की गाडी पाण्याकडे ओढली जाते. रुंद जागा बघून थांबा आणि समोरच्याला येऊ द्या.

फेरीचा धक्का तर याहून घातक. मॅप रस्ता सरळ दाखवतो, मध्ये नदी असते. धक्का उतरता असतो, ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, आणि रात्री पाण्याचा काळा रंग आणि डांबराचा काळा रंग सारखाच. अनोळखी भागात मॅपमध्ये फेरी टाळण्याचा पर्याय निवडून ठेवा, आणि उतार दिसला, पुढे दिवे दिसेनात, तर गाडी थांबवून उतरून बघा.

गाडी पाण्यात गेलीच तर दार उघडण्याच्या खटपटीत पडू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. आधी सीटबेल्ट, लगेच खिडकी. पॉवर विंडो सुरुवातीला थोडा वेळच चालतात. खिडकीतून बाहेर, मुलांना आधी. खिडकी उतरली नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारा. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून मोकळी होत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. काच फोडायचा छोटा हातोडा चालकाच्या हाताशी असावा, डिकीत नव्हे.

केरीची_वाट

खाजनकांठबाब, देव बरें करूं. हातोड्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

अनमोड_घाट

घाटांचं: अनमोड, चोर्ला, काणकोणच्या वाटेवरचा करमल. उतरताना ज्या गियरवर चढला असता त्याच गियरवर उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनिंग तापून पकड जाते, आणि पेडल मऊ पडायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. वळणाआधी एकदा अप्पर-डिपर द्या. रात्री हॉर्नपेक्षा तो लवकर कळतो, कारण समोरच्याला वळणापलीकडे उजेड हललेला दिसतो. चोर्लाला बऱ्याच पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, साखळीलाच पेट्रोल आणि हवा बघून निघा.

गवा हा आपला राज्यप्राणी, आणि मोलेच्या, चोर्लाच्या रानात रात्री तो रस्त्यावर येतो. नर 700 किलोच्या पुढे सहज जातो. अंग जवळजवळ काळं, डिपरच्या कडेच्या वर. उजेडात दिसतात ते फक्त गुडघ्याखालचे पांढरट पाय. तेव्हा रस्त्यावर पांढऱ्या काठ्या हलताना दिसल्या तर तो गवा समजून थांबा. एक ओलांडून गेला की लगेच निघू नका, मागे कळप असतो. अप्पर लावून ठेवला तर जनावर जागीच थिजतं. डिपर करा, थोडं थांबा.

जनावर धडक बसण्याइतकं जवळ असेल तर सरळ ब्रेक मारा, स्टिअरिंग फिरवू नका. घाटात जनावर चुकवायला वळलेली गाडी दरीत किंवा समोरच्या ट्रकवर जाते.

सांवर्डेकार

रानातल्या गव्यापेक्षा जास्त धोका गावातल्या गुरांचा. पावसात माळ चिखलाचा होतो, डांबर कोरडं आणि उबदार राहतं, वाऱ्याने माश्याही कमी, म्हणून गुरं रस्त्यावर बसतात. तुमच्याकडे तोंड असेल तर डोळे चमकतात. पाठ असेल तर काहीच चमकत नाही. कळपातलं एक दिसलं की बाकीची आहेत असं धरूनच चला. ज्यांची गुरं आहेत त्यांना सांगा, गळ्यात आणि शिंगांना चमकणारी पट्टी बांधा. रस्त्यावर सोडू नये हे खरं, पण पट्टी आजच बांधता येते.

दुसरा धोका बंद पडून उभे असलेले ट्रक-टिपर. केपें, सांगे, सांवर्डे, डिचोली या पट्ट्यात चिखलाने मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या झाकल्या जातात. पट्टीचा रंग ओळखायला शिका: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. लांब पिवळी रेघ आडवी दिसली म्हणजे ट्रक रस्त्यावर आडवा वळतोय.

तुमची गाडी बंद पडली तर चमकणारा त्रिकोण किमान 50 मीटर मागे ठेवा, हायवेला 100, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसं गाडीत बसू देऊ नका. दगड आणि फांद्या ठेवल्यात तर निघताना उचला. ते मागे राहिलेले दगड पुढच्या दुचाकीवाल्याचा घात करतात.

स्कूटरवाली_बाय

दुचाकीवाल्यांसाठी. बऱ्याच स्कूटरचा हॅलोजन 35/35 वॅटचा असतो, म्हणजे गाडीच्या एका दिव्याहून कितीतरी कमी. वर दिलेले आकडे स्कूटरला आणखी कडक लागू होतात. काळ्या काचेचं हेल्मेट रात्री वापरू नका. पारदर्शक काच घ्या आणि ओरखडे आले की बदला. रेनकोट काळा किंवा गडद निळा बाजारात सगळ्यात जास्त मिळतो, तरी पिवळा शोधा, नाहीतर पाठीला आणि हेल्मेटच्या मागे चमकणारी टेप चिकटवा. मागे माणूस बसला की नाक वर होऊन झोत झाडांवर जातो. हेडलाइटखालचा स्क्रू माणूस बसवूनच सेट करा.

चतुर्थीत एक आणखी: आरत्या संपवून घुमट (मातीचं वाद्य) घेऊन घरोघर फिरणारी पोरं रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. शिरगावच्या जत्रेला धोंड (लईराई देवीचे व्रतस्थ भक्त) आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी जुन्या गोव्याला जाणारे भाविकही रात्री चालतात. चालणाऱ्यांनी वाहनांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेने चालावं, आणि शेवटच्या माणसाने बॅटरी मागे धरावी.

पेडणेंकार_07

जोराच्या पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावं ना? मागच्याला दिसतो.

रस्ता_मोजणारा

नको. हॅझर्ड म्हणजे "मी थांबलोय". त्यावर पुष्कळ गाड्यांत वळणाचा इंडिकेटर चालतच नाही, त्यामुळे तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळत नाही. डिपर लावला की मागचे लाल दिवे आपोआप लागतात, तेवढे पुरे. मागचा फॉग असेल तर लावा, पाऊस ओसरला की बंद करा. काहीच दिसत नसेल तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, मग हॅझर्ड.

दोळ्यांची_तपासणी

दारूवर एवढंच. कायद्याची मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम. 60 मिलि फेणीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला 7 ते 10 ग्रॅमच बाहेर काढतं. कॉफी, लिंबूपाणी यांनी तो वेग वाढत नाही.

झोपेवरही. पहाटे 2 ते 5 हा शरीराचा सगळ्यात ढिला वेळ. 80 च्या वेगाला 3 सेकंदांची डुलकी म्हणजे 67 मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. काच उघडणं, गाणी मोठी करणं याने झोप जात नाही. एक कप कॉफी घ्या आणि लगेच 15-20 मिनिटं झोपा. उठता तेव्हा कॉफी चढलेली असते.

सांवर्डेकार

अपघात दिसला तर 108 किंवा 112. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात 2019 पासून कलम 134अ आहे. मान दुखतेय म्हणणाऱ्याला किंवा बेशुद्धाला ओढून गाडीत घालू नका, आग किंवा पाणी नसेल तर रुग्णवाहिकेची वाट बघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा ठेवून हाताने दाबून धरा, उचलून उचलून बघू नका.

बांदोडकाराली_सून

एक शंका. जाताना मागे चार माणसं आणि डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, फळं, नारळ. मग समोरचे सगळे मला अप्पर-डिपर मारतात. डिपरच असतो माझा.

वायरमन_म्हापशेंचो

बाय, मागचा भार खाली बसला की पुढचा झोत वर जातो. स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचं छोटं चक्र असेल. एकटा चालक असताना 0, मागे माणसं आणि डिकी भरलेली असेल तर 2 किंवा 3. सामान उतरवल्यावर परत 0 वर आणा, नाहीतर तुम्हालाच दिसणार नाही.

चक्र नसेल तर निघण्याआधी भिंतीवर बघा. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, भरलेली गाडी भिंतीपासून 5 मीटरांवर. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ मारा, तिच्या खाली 5 सेंटिमीटरांवर दुसरी. डिपरची कड या दुसऱ्या रेघेवर हवी. हे 1 टक्क्याचं माप झालं. हेडलाइटच्या वर किंवा बॉनेटखाली टक्केवारी छापलेली असेल तर तीच धरा, 1.2 लिहिलं असेल तर 6 सेंटिमीटर. मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, दुसरा डावी-उजवी. पहिलाच फिरवा, अर्धा-अर्धा आटा, दोन्ही दिवे वेगवेगळे झाकून. आणि परत येताना गाडी रिकामी असेल, तेव्हा तो तेवढाच उलटा फिरवायचा आहे हे स्क्रूवर खडूची खूण करून लक्षात ठेवा.